गाडीच्या पुढून खडखड आवाज येतो, सर्व्हिस सेंटरने ३८ हजार सांगितले. करावं की गाडीच विकावी?

विकू नका. या आवाजासाठी तर नकोच. ज्याने एस्टिमेट दिलं त्याला आधी एवढंच विचारा: यातला कोणता पार्ट तुम्ही हाताने हलवून पाहिला? चला, मलाही दाखवा.

गाडी अकरा वर्षांची, आवाज खड्ड्यातच येतो आणि यादीत स्टेअरिंग असेंब्ली, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे हात), दोन्ही शॉकर, लिंक रॉड, असं तुम्ही लिहिलंय. वाचून डोकं तापलं, कारण जवळपास हीच यादी माझ्याही हातात ठेवली होती. माझी पेट्रोल हॅचबॅक, लाखाच्या वर चाललेली. नागपुरात सिमेंट रोड झाले, छानच आहे, पण रोड वर आणि बाजूचे पेव्हिंग ब्लॉक खाली. ती पायरी माझं डावं चाक रोज उतरायचं, रोज चढायचं. वरून आपला मे महिना, ४५ अंश. रबरी बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातलं रबर, त्यात कडक होऊन तडकतोच.

सर्व्हिस सेंटरवाल्याने गाडी आवारातच एक चक्कर फिरवली, टॅबवर बोटं चालवली आणि ३४ हजार काढले. गाडी लिफ्टवर चढलीच नाही, मी काचेमागे बसून बघत होतो ना! रॅकला, म्हणजे त्या स्टेअरिंग असेंब्लीला, काय झालं विचारलं तर म्हणे, "सर, आवाज तिथूनच येतोय, पूर्ण सेटच बदलावा लागेल."

घरी आलो तर साडूभाऊ बसलेले. त्यांचं मत केव्हाचंच ठरलेलं आहे. कंपनीचा माणूस कॉम्प्युटरवर बघून सांगतो आणि तू मिस्त्रीच्या नादी लागून राहिला. नाहीतर विकून टाक, जुन्या गाडीत पैसा घालायचा नसतो. मी म्हटलं, लिंक रॉडला कोणती वायर असते जी कॉम्प्युटरला जाते, तेवढं सांगा. त्यांनी विषय बदलून समृद्धीवर नेला. आमच्याकडे प्रत्येक वाद समृद्धीवरच जाऊन थांबतो.

दुसऱ्या दिवशी गिट्टीखदानकडच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी मला बाजूला बसवून गाडी स्वतः चालवली. एकच चाक खड्ड्यात हळू घातलं, खडखड. मग स्पीडब्रेकरवरून गाडी सरळ नेली, दोन्ही चाकं एकदम वर, आवाज जवळपास बंद. "भाऊ, रॅक को कुछ नहीं हुआ, जंपिंग रॉड गया है." हेच लिंक रॉड. दोन्ही चाकं सोबत उचलली की मधला स्टॅबिलायझर बार, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारी दांडी, पिळला जात नाही, म्हणून लिंक रॉडवर जोर येत नाही. एकटं चाक उचललं की येतो. ही परीक्षा तुम्ही आजच घरापुढे करू शकता, फुकट.

नंतर जॅक लावला. चाक वर आणि खाली धरून हलवलं. तिथे खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोळीचा सांधा) किंवा बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबायला लावायचं, खेळ थांबला तर बहुतेक बेअरिंग, नाही थांबला तर बॉल जॉइंट बघायचा. माझं तिथे ठीक होतं. मग डावी-उजवीकडून धरलं, तर डाव्या टाय रॉड एंडला, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला, खेळ, रबर फाटलेलं, ग्रीस वाळलेलं. माझा हात तिथे ठेवून त्याने चाक हलवलं. ती कट् बोटांना कळते, त्याला टॅब लागत नाही. आर्मच्या बुशला टॉमी (लोखंडी दांडी) लावली, दोन फाटलेले निघाले. शॉकर कोरडे, तेलाचा थेंब नाही. ३४ हजारांची यादी अलाइनमेंट आणि मजुरी धरून ४ हजारांच्या आत आली. बुशचे बोल्ट त्याने गाडी खाली उतरवून, चाकांवर वजन आल्यावरच शेवटचे कसले. चाकं लटकत असताना कसले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. तुमच्या मेकॅनिकने हे केलं नाही तर डोक्यावर उभं राहून करून घ्या.

पैसे एकदम नसतील तर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड आधी, त्यात उधारउसनवार करावी लागली तरी करा. बॉल जॉइंट निसटला तर चाक मोडून पडतं, टाय रॉड सुटला तर ते चाक स्टेअरिंगचं ऐकतच नाही. मग बुश. लिंक रॉड नुसता खडखडत असेल तर पुढच्या पगारापर्यंत कान बंद ठेवा. शॉकर तेल गाळत असतील तरच, पण बदलाल तेव्हा दोन्ही बाजूंचे. असेंब्ली बदलण्याआधी रॅक एंड, म्हणजे रॅकच्या टोकाचा सांधा, सुटा मिळतो का विचारा, बऱ्याच लहान गाड्यांना मिळतो. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, ढिल्या पार्टवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे नाल्यात. एस्टिमेट जुनं असेल तर नवं मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्ट्सवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्ट्सवर २८ होता.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही. मिस्त्रीही लुटतात, बॉल जॉइंट डुप्लिकेट बसवतात; बिल आणि जुना पार्ट दोन्ही मागून घ्या. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावर टक् होत असेल तर शॉकरच्या वरचं माउंटिंग बघा. पूर्ण वळणावर टकटक येत असेल तर तो एक्सलचा जॉइंट, त्याचा या यादीशी संबंध नाही. पॉवर स्टेअरिंगचा दिवा लागत असेल तर मात्र स्कॅनर लावावाच लागतो, तेवढ्यापुरते साडूभाऊ बरोबर. रॅक खरोखर गेलेलाही असतो, पण मग तो खेळ तुम्हाला हाताने दाखवता यायला हवा. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.

साडूभाऊ, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्या पुढच्या डाव्या टायरची आतली कड एकदा बघा. तार दिसायला लागली आहे, आणि तुम्ही परवाच कंपनीतून अलाइनमेंट करून आणलंय.