पहिले १० किमी: आधी नुसतं चाल

भाऊ, ९५ किलोला पळायचं मनावर घेतलंस, झकास! आधी बीपी-शुगर तपासून घे. पहिले तीन आठवडे पळूच नको; आपल्या जळगावच्या मेहरूण तलावाकाठी अर्धा तास झपझप चाल. मग १ मिनिट पळ, २ मिनिटं चाल, आठवड्यातून तीनदाच. पळताना बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

नवखे इथं चुकतात:
- जुने कॅनव्हासचे बूट. मी तेच घालून पळालो, नडगी महिनाभर ठणकत होती. खर्च करायचाच तर बुटांवर कर.
- मांड्या घासून सोलवटतात. आत घट्ट शॉर्ट्स, शिवाय व्हॅसलिन.
- मे महिन्यात सातला निघणं. आपल्याकडचं ऊन तुला माहीतच आहे. साडेपाचलाच बाहेर पड.

छातीत दुखलं तर तिथंच थांब, थेट डॉक्टर गाठ. शेवभाजी सोडू नको, तर्री तेवढी कमी घे.