कार्ताहेनासाठी 2 दिवस पुरतात का?

तुम्ही विचारलंय की कोलंबियाच्या 12 दिवसांच्या सहलीत शेवटचे 2 दिवस कार्ताहेनाला पुरतील का, आणि तिथे रंगीत घरांपलीकडे काही आहे का. दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही. माझ्या धाकट्या दिराने हेच वाक्य तिथे उभं राहून म्हटलं होतं, आणि आमच्या घरात तो वाद अजून मिटलेला नाही.

आम्हीही शेवटीच गेलो होतो. बोगोटाहून स्वेटर घालून निघालो आणि दीड तासात अशा दमटात उतरलो की कपडे अंगाला चिकटले. आम्ही दोघं, दीर आणि जाऊ, सगळेच दमलेले. दिराचं म्हणणं, हे म्हणजे पणजीचं फोंतेन्यास, तीच रंगीत जुनी घरं, तासाभरात फोटो काढू आणि हॉटेलवर जाऊन पडू.

घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या वेशीतून आत गेलं की प्लासा दे लोस कोचेस हा चौक लागतो. तिथे पिवळ्या-निळ्या-लाल घेरदार झग्यात एक पालेंकेरा उभी होती, म्हणजे डोक्यावर फळं घेऊन विकणारी बाई. दिराने न विचारता तीन-चार फोटो काढले. तिने हात पुढे केला तर हा पाठ फिरवून चालू लागला. म्हणे, रस्त्यावर उभी आहे, फोटोचे कसले पैसे?

तेवढ्यात तिने घमेलं खाली उतरवलं. पपई, अननस, कलिंगड, केळी, भरपूर वजन असणार. मान ताठ ठेवून गुडघ्यात वाकली, दोन्ही हातांनी घमेलं उचललं, आणि डोक्यावरची चुंबळ दिसली. जुन्या कापडाची, पिळून गोल केलेली. माझ्या आजीची अगदी अशीच होती. आजी अलिबागच्या बाजारात पांढऱ्या कांद्याच्या माळी विकायची. सहलीला आलेले लोक तिचे फोटो काढायचे आणि कांदा न घेताच जायचे. मी मागे वळले, तिचे पैसे दिले, पपई कापून घेतली.

रंगांपलीकडे काय आहे म्हणता, तर या बायका आहेत. त्यांचं मूळ गाव सान बासिलिओ दे पालेंके, शहरापासून साधारण 50 किलोमीटरवर. कार्ताहेना हे स्पॅनिशांचं गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं, आणि आफ्रिकेतून आणलेली माणसं याच चौकात विकली जात. जे निसटले त्यांनी रानात आपली गावं वसवली. त्यांचा पुढारी बेन्कोस बिओहो याला 1621 मध्ये याच शहरात मारलं, पण पालेंके टिकलं, स्पॅनिश आणि आफ्रिकी भाषांतून झालेली त्यांची बोलीही टिकली. त्याच चौकात आज ती बाई आपल्या फळांचा आणि आपल्या फोटोचा भाव स्वतः सांगते. तो द्यायचा. यात घासाघीस करणाऱ्याबद्दल मला आदर वाटत नाही, मग तो घरचा का असेना.

चौकाच्या कडेला कमानींखाली मिठाईवाल्या बसतात. तिथे आलेग्रीआ मागा. लाह्या, खोबरं आणि गुळाचा लाडू, बडीशेपेसारखा वास येणारा. जावेने एक घास घेतला आणि म्हणाली, हा तर आपलाच.

आता तुमचे 2 दिवस. पुरतात, पण दुपार धरू नका. सकाळी उघडल्या उघडल्या सान फेलिपेचा किल्ला बघा, वर सावली नाही. 1741 मध्ये इंग्रजांचं प्रचंड आरमार या शहराने परतवलं ते इथेच, आणि आतली भुयारं चालून बघण्यासारखी आहेत. दुपारी खोलीत झोपा. संध्याकाळी तटबंदीवरून चाला, मग हेत्सेमानीत त्रिनिदाद चर्चसमोरच्या चौकात बसा. 1811 च्या स्वातंत्र्याच्या उठावात याच वस्तीतले कारागीर पुढे होते. तिथे मुलं फुटबॉल खेळतात, गाडीवर अंड्याची आरेपा, म्हणजे आत अंडं घातलेली मक्याची जाड पुरी, तळून मिळते. शाकाहारी असाल तर नारळाचा भात आणि पाताकोन, म्हणजे चेपून तळलेली कच्ची केळी, यावर भागवावं लागेल.

रोसारियो बेटांची बोट या 2 दिवसांत बसवू नका, अख्खा दिवस जातो. डिसेंबरच्या शेवटी जात असाल तर मी म्हणते तसा निवांतपणा मिळणार नाही, दरही चढे असतात. आणि फोटोचा भाव आधीच विचारून घ्या, नाहीतर नंतर जास्त मागितले म्हणून तक्रार कराल. दिराचीही पुढे तीच सबब होती, पण त्याने विचारलंच नव्हतं. सुटे पेसो खिशात ठेवा.