नीटचा तिसरा अटेम्प्ट आणि धरणातली माती

नमस्कार दादा,

संकेश्वरहून आलेलं तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. मुलीला पीयूसी सायन्सला, म्हणजे बारावीला, ६४ टक्के, नीट दोनदा देऊन झाली, आता तिसऱ्यांदा हुबळीला लाँग टर्मला, म्हणजे पुन्हा नीट देणाऱ्यांच्या क्लासला, घालायचंय, आणि ती तर "कापडावर माती, कौलांचा चुरा, आजीच्या लुगड्याच्या चिंध्या चिकटवत बसते". यात पैसा नाही हे तुम्हीच तिला सांगा म्हणताय. नाही सांगणार मी.

मार्कांचं सोडा ओ. मला टोचली ती एक ओळ, जी तुम्ही लिहून सरळ पुढं गेलाय, की दिवाळीच्या साफसफाईत तिची तीन कामं रद्दीत दिली. आणि त्याच पानावर लिहिलंय की तुमच्या आईचं गाव हिडकल धरणाच्या पाण्यात गेलं, "ते गेलं ते गेलं, आता उकरून काय मिळणार". पोरगी आजीला विचारून विचारून तेच गाव काढत्येय की, पार कुठं होता, विहीर कुठल्या अंगाला, उन्हाळ्यात पाणी उतरून हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उघडं पडलं की तिथली माती आणते, आणि हे सगळं तुम्ही किलोवर घातलंत. तिला विचारलं तरी होतं का?

दुसरं, "ड्रॉइंग जमत नाही म्हणून चिकटवाचिकटवी" हे डोक्यातून काढा. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये चित्रात कागद चिकटवले, त्यांना काय ड्रॉइंग येत नव्हतं? अन्सेल्म किफर हा जर्मन चित्रकार तर गवताच्या काड्या, राख, माती थरावर थर चढवतो. आणि हे सोपं नसतंय. माती चाळून डिंकात नाहीतर फेविकॉलमध्ये नीट कालवली नाही तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात, पेपरची कात्रणं पिवळी पडतात, ताणलेलं कापड वजनानं झोळ धरतं म्हणून खाली प्लाय घ्यावा लागतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी येते ती वेगळीच. पोरगी हे एकटीनं चुकत चुकत शिकलीय, कुणी शिकवायला नसताना.

मिक्स मीडियाची, म्हणजे असं माती-कापड-कागद मिसळून केलेल्या चित्रांची, वेगळी डिग्री शोधत बसू नका, पेंटिंगला घाला, त्यातच हे येतं. बडोद्याचं फाइन आर्ट्स, म्हैसूरचं कावा हे कला कॉलेज, बंगळूरची चित्रकला परिषत्, नाहीतर महाराष्ट्राची सीईटी देऊन मुंबईचं जे.जे. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात प्रवेशाची सोय असते, तुमचं गाव यादीत बसतं का ते माहितीपुस्तिकेत बघा. चार वर्षं लागतात आणि सुरुवातीला पैसा कमीच, हे खोटं कशाला बोलू, शिकवणं किंवा डिझाइनचं काम जोडीला धरावंच लागेल. पण "आपल्याकडं कोण करतं हे" असं बेळगाव जिल्ह्यात बसून म्हणू नका. चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांनी बेळगावातच पोरं घडवली, नावाजलेले चित्रकार रवी परांजपे त्यातलेच.

लाँग टर्मची फी तूर्त भरू नका. मे महिन्यात पाणी उतरलं की आईला आणि मुलीला घेऊन हुन्नूरला जा, तुम्हीपण उतरा गाडीतून, आई काय काय दाखवतात ते ऐका. जाड प्लास्टिकच्या पिशव्या न्या, तिथली माती ओली असते.