स्किपिओ नक्की किती?

प्रश्न : रोमचा इतिहास वाचताना 'स्किपिओ' सारखा भेटतो. एक स्किपिओ कार्थेजचा (उत्तर आफ्रिकेतलं रोमचं वैरी शहर) सेनापती हॅनिबल याच्याशी लढताना जखमी होतो, एक हॅनिबलला हरवतो आणि पुढे पन्नासेक वर्षांनी परत स्किपिओच कार्थेज जाळतो. हा एकच माणूस आहे का? असला तर केवढा जगला?

उत्तर : नाही हो, ही तिघं वेगळी माणसं, पण तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे कारण तिघांचंही नाव पब्लिअस कॉर्नेलिअस स्किपिओच. रोमन लोकांकडे पहिली नावं मोजकीच, त्यात थोरल्याला बहुतेक वेळा बापाचंच नाव, मग ओळखायचं कसं तर शेवटी चिकटवलेल्या बिरुदावरून.

जखमी झाला तो बाप, इ.स.पू. 218 मध्ये टिसिनस नदीपाशी. पुढे 211 ला तो आणि त्याचा भाऊ ग्नेअस दोघंही स्पेनमध्ये मारले गेले आणि तिथली मोहीम पोराच्या गळ्यात पडली, वय जेमतेम पंचवीस. त्याने 209 मध्ये न्यू कार्थेज (कार्थेजचं स्पेनमधलं ठाणं) घेतलं, 202 मध्ये आफ्रिकेतल्या झामाला हॅनिबलला हरवलं, म्हणून तो 'आफ्रिकानस'. त्याचा भाऊ लुसिअस, ज्याच्या सैन्याने आशिया मायनरमधल्या (आजचं तुर्कस्तान) मॅग्नेशियाला सिरियाचा राजा अँटिओकस तिसरा याला हरवलं, तो 'एशियाटिकस'.

तिसरा खरी डोकेदुखी. 146 ला कार्थेज बेचिराख करणारा स्किपिओ एमिलिआनस जन्माने स्किपिओ नव्हताच, तो एमिलिअस पॉलस या दुसऱ्या रोमन सेनापतीचा मुलगा, आफ्रिकानसच्या मुलाने त्याला दत्तक घेतलं. आणि कार्थेजनंतर त्यालाही आफ्रिकानसच म्हणायला लागले, आता बोला! त्यामुळे पुस्तकात नुसतं 'आफ्रिकानस' दिसलं की आधी साल बघायचं, बिरुदावर विसंबू नका.

घराण्यातला जुना म्हणजे बार्बाटस, इ.स.पू. 298 चा कॉन्सुल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. अॅपियन रस्त्यावरच्या त्यांच्या कौटुंबिक थडग्यात त्याची दगडी शवपेटी सापडली, ती आता व्हॅटिकनच्या म्युझियममध्ये आहे. तिच्यावर कोरलंय की गडी दिसायलाही त्याच्या पराक्रमाला साजेसा होता. मेल्यावरसुद्धा दिसण्याची जाहिरात! त्या मजकुराच्या वरची दीडेक ओळ मात्र कुणीतरी खरवडून टाकलीये.

पण मला विचाराल तर लढायांपेक्षा यांची भाऊबंदकी जास्त भारी आहे. जमीनवाटपाचा कायदा आणणारा टायबेरिअस ग्राकस हा आफ्रिकानसच्या मुलीचा मुलगा. 133 मध्ये त्याला ठार मारणाऱ्या जमावाच्या पुढे कोण होता, तर स्किपिओ नासिका सेरापिओ, त्याचा सख्खा मावसभाऊ! आणि एमिलिआनस हा टायबेरिअसच्या बहिणीचा नवरा, म्हणजे मेहुणा, पण त्यानेही या खुनाचं समर्थनच केलं. लोक इतके चिडले की सिनेटने नासिकाला काहीतरी काम काढून आशियात पाठवून दिलं आणि तो तिकडेच पर्गमॉन शहरात मेला.