मैत्रिणीला एमएस आहे, वर्गणी तिला द्यावी की संशोधनाला?

तुम्ही लिहिलंय की शाळेतल्या जुन्या मैत्रिणींनी मिळून वर्गणी काढलीय, आणि ती आजारी मैत्रिणीला द्यावी की मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या, म्हणजे एमएसच्या, संशोधनाला, यावर तुमच्यात दोन मतं पडलीत. मीही कोल्हापूरचाच, मंगळवार पेठेतला. माझ्या थोरल्या बहिणीला हा आजार होऊन अकरा वर्षं झाली, म्हणून सांगतो.

मोठा वाटा मैत्रिणीला द्या, पण एकदाच पाकीट देऊन मोकळं होऊ नका. आमच्याकडेही सुरुवातीला पाकिटं आली, दोन महिन्यांनी माणसं यायची थांबली. आजार काही थांबत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खाते, वायरीवरचं प्लास्टिक निघावं तसं. मग कधी डोळा, कधी पाय, कधी लघवीवरचा ताबा जातो. आणि वरून माणूस धडधाकट दिसतो! ताईचा डोळा पहिल्यांदा धूसर झाला तेव्हा एका डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवलं. निदान व्हायला दीड वर्ष गेलं, त्याची चुटपुट मला अजून आहे.

उन्हाळा फार वाईट. कढत पाण्यानं अंघोळ केली की ताईला समोरचं अंधूक दिसतं, अंग निवलं की परत दिसायला लागतं. एप्रिलमध्ये ती चार भाकऱ्या थापते, मानेवर ओला पंचा टाकून खुर्चीत बसते, मग पुढच्या चार. अंबाबाईला पहाटेच जाते, देवळातली फरशी तापायच्या आत.

म्हणून भिशीसारखं दरमहा ठरवून द्या. फिजिओथेरपीचे पैसे, तपासणीला पुण्याला जायचं गाडीभाडं, नाहीतर नुसता एक कूलर. काय हवं ते तिलाच विचारा. नवऱ्याला किंवा सासूबाईंना नको, तिला. अपंगत्वाचा दाखला काढायला कुणीतरी सोबत जा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत, त्यांत हा आजार नाव घेऊन दिलेला आहे. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी दवाखान्यात. तिथल्या रांगेत तिला उभं राहू देऊ नका.

आता संशोधन. तुमच्यातल्या ज्या मैत्रिणी त्या बाजूनं बोलतायत, त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. 1945 साली न्यूयॉर्कमध्ये सिल्व्हिया लॉरी नावाच्या बाईनं भावासाठी पेपरात जाहिरात दिली, की या आजारातून कुणी बरं झालं असेल तर कळवा. बरं झालेलं कुणी भेटलं नाही, उलट तिच्यासारखेच उपाय शोधणारे लोक पत्रं पाठवू लागले. त्यांना धरून तिनं 1946 मध्ये संस्था काढली. 2022 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त तपासून दाखवलं गेलं, की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर या आजाराचा धोका 32 पटींनी वाढतो. त्या अभ्यासाला पैसा देणाऱ्यांत तीच संस्था होती. आमच्या लहानपणी या आजाराची प्रगती रोखणारं एकही औषध मिळत नव्हतं. असं पहिलं औषध, इंटरफेरॉन, अमेरिकेत 1993 मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. ताई आज स्वतःच्या पायानं चालते ती अशाच औषधांवर, आणि ती औषधं कुणाच्या तरी वर्गणीतून उभी राहिलीत असं मी मानतो.

माझं विचाराल तर चार आण्यांचा वाटा तिकडे ठेवा. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 पासून काम करते, आपल्याला जवळची शाखा पुण्याची. पैसे कशावर खर्च होणार ते आधी विचारा आणि पावती घ्या.

सोसायटीला फोन कराल तेव्हा मैत्रिणीलाही बोलू द्या. ताई सोसायटीमार्फत एका बाईशी पहिल्यांदा बोलली, तो फोन पाऊण तास चालला. ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "तिलाही अंघोळीनंतर दिसत नाही रे."