समुद्री बदकं: बार काढण्याआधी, पक्षी उचलायला कोण जाणार ते ठरवा

तुम्ही विचारलंय: अमेरिकेतल्या मेन राज्यात पोर्टलंडला येऊन दोन वर्षं झाली, एच-१बीवर आहात, ऑफिसातले दोघं मित्र डिसेंबरात समुद्री बदकांच्या शिकारीला चला म्हणतायत, त्यांच्याकडे १४ फुटी ॲल्युमिनियमची होडी आहे, जीव सांभाळून आणि रिकाम्या हाती न परतता हे कसं करायचं?

मी या किनाऱ्यावर अकरा हंगाम गेलोय. लहानपण हर्णैचं, त्यामुळे भरती-ओहोटी अंगात होती, बंदूक मात्र इथे येऊन शिकलो. शिकवलं शेजारच्या आजोबांनी. चाळीस वर्षं लॉबस्टरचे पिंजरे टाकलेला माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी मला नेमबाजीबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "तू पाडलास, तर उचलायला कोण जाणार?" तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग, जीव सांभाळणं आणि रिकाम्या हाती न येणं, याच एका प्रश्नावर येऊन थांबतात.

आधी कागदपत्रं, कारण तुमच्या बाबतीत ती जास्त महत्त्वाची आहेत. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं अमेरिकेच्या संघीय कायद्यात गुन्हा आहे. अपवाद मोजके आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे राज्यानं दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना. मित्राची बंदूक "जरा धरतो" म्हणून हातात घेण्याआधीही तो खिशात हवा. तुमच्या स्थितीबद्दल वकिलाला एकदा विचारून घ्या, ते पैसे वाया जात नाहीत. परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. त्याशिवाय मेनचा पाणपक्ष्यांचा वेगळा परवाना, स्थलांतरित पक्ष्यांसाठीची नोंदणी आणि २५ डॉलरचा संघीय डक स्टँप. हा स्टँप १९३४ पासून आहे आणि त्याच्या पैशातून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात, म्हणून मी तो दरवर्षी आनंदानं घेतो. मेनमध्ये रविवारी शिकार बंद असते. (भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंदी आहे. हे उत्तर वाचून उजनीच्या किंवा जायकवाडीच्या बदकांकडे कुणी त्या नजरेनं पाहू नये.)

किती पक्षी, हे दरवर्षीच्या पुस्तिकेत पाहायचं. पूर्वी अटलांटिक किनाऱ्यावर समुद्री बदकांचा स्वतंत्र, लांब हंगाम असायचा. २०२२-२३ पासून तो बंद झाला आणि समुद्री बदकं नेहमीच्या बदकांच्या रोजच्या मोजणीत धरली जाऊ लागली. त्या नियमात दिवसाला ४ समुद्री बदकं, त्यात आयडर (इथलं एक मोठं समुद्री बदक) ३ पेक्षा जास्त नाहीत आणि त्यातही मादी एकच. मी ती एक मादीही घेत नाही. आयडरची मादी दोन-तीन वर्षांची झाल्यावर अंडी घालायला लागते, एका वेळी चारेक घालते, आणि पिल्लांपैकी फार थोडी पंख फुटेपर्यंत जगतात. या पक्ष्याची सगळी भिस्त म्हाताऱ्या माद्यांवर आहे. नर काळा-पांढरा, लांबून ओळखू येतो. मादी तपकिरी. जरा थांबून पाहिलं तर चूक होत नाही.

हार्लेक्विन बदक मात्र अजिबात मारायचं नाही, त्याच्यावर पूर्ण बंदी आहे. अडचण अशी की ते लाटा फुटतात तिथेच, खडपाला, म्हणजे समुद्रातल्या खडकाला, चिकटून असतं, म्हणजे नेमकं तुम्ही बसाल तिथे. मादी लहान, मळकट तपकिरी, तोंडावर पांढरे ठिपके. हंगामाआधी दोन-तीन शनिवार नुसती दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर बसा. आयडर, तीन जातींचे स्कोटर, लांब शेपटीचं बदक आणि हार्लेक्विन उडताना ओळखता यायला लागले की मगच पुढे.

आता समुद्र. डिसेंबरात इथलं पाणी ७ अंशांच्या आसपास असतं, पुढे आणखी खाली जातं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी समजावलेला १-१०-१ चा हिशोब पाठ करा. पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागून पाणी आत जातं. त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध हरपायला १ तास लागतो. म्हणजे लोक गारठून मरण्याच्या खूप आधी बुडून मरतात, आणि लाइफ जॅकेट होडीत बाकाखाली ठेवलेलं असेल तर ते त्या पहिल्या मिनिटात घालता येत नाही. अंगावरच हवं, सगळ्यांच्या, धक्क्यापासून धक्क्यापर्यंत. व्हीएचएफ रेडिओ पाण्यात चालणारा, तोही जॅकेटला बांधलेला, चॅनल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर. घरी एका माणसाकडे चिठ्ठी: कुठे जातोय, कोण कोण, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोस्ट गार्डला कळवायचं.

१४ फुटी होडीबद्दल स्पष्ट सांगतो. तीन माणसं, तीन बंदुका, डिकॉयच्या (फसव्या बदकांच्या) पिशव्या, नांगर आणि ओले कपडे एवढं त्या होडीत भरलं की बाजूची फळी पाण्यापासून वीतभर राहते. बाहेरच्या बेटांकडे तिनं जाऊ नका. पोर्टलंडजवळच्या कॅस्को बे या उपसागराच्या आतल्या आडोशाच्या भागात, दोन माणसं, वारा १० नॉटच्या आत, एवढंच तिचं काम. आणि वारा किती यापेक्षा तो ओहोटीच्या समोरून येतोय का ते पाहा. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतंय आणि वारा बाहेरून आत येतोय अशा वेळी खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. सकाळी जाताना जिथे सपाट पाणी होतं, तिथेच दहा वाजता होडी उलटते. नांगर नेहमी नाळेवरून (होडीच्या पुढच्या टोकावरून) टाकायचा, पिछाडीवरून कधीच नाही. पिछाडीवर मोटरचं वजन असतं, तिथून नांगराची दोरी ताणली की पुढची लाट थेट आत येते.

आजोबांची पद्धत दोन होड्यांची होती. एक आम्हाला खडपावर उतरवायची आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला दोन-तीनशे मीटरवर जाऊन थांबायची. त्यातल्या माणसाकडे बंदूक नसायची, दुर्बीण असायची. पक्षी पडला की त्याचं काम सुरू. दुसरी होडी नसेल तर खडपावर उतरायचंच नाही. मग स्वतःच्या होडीत नांगर टाकून बसायचं, पण नांगराच्या दोरीला मोठा बोया बांधून. पक्षी पडला की बोया पाण्यात सोडून द्यायचा, मोटर चालू, पक्षी उचलायचा, परत येऊन बोया पकडायचा. नांगर ओढत बसलात तर तोवर प्रवाह पक्ष्याला घेऊन गेलेला असतो.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. तिसऱ्या हंगामात मी खडपावर एकटा होतो, आजोबा होडीत. आयडरची रांग आली, पाण्याला चिकटून. मी अंतर न जोखता बार काढला आणि मागचा पक्षी जखमी होऊन पडला. समुद्री बदक जखमी झालं की मान पाण्यावर सपाट टाकतं, नुसती चोच आणि डोक्याची रेघ दिसते, आणि जवळ गेलं की बुडी मारतं. आजोबा त्याच्या मागे गेले. इकडे भरती चढत होती. इथे भरती-ओहोटीत जवळपास ३ मीटरचा फरक असतो, आणि भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी प्रत्येक तासाला पाऊण मीटर चढतं. मी पाऊल ठेवलं होतं ती पायरी, मग काडतुसांची पेटी ठेवली होती ती पायरी, एकेक करत गेली. माझ्या पायाखालचे शिंपले पाण्यात चुटचुट आवाज करत उघडायला लागले, तो आवाज मला अजून आठवतो. आजोबा चाळीस मिनिटांनी आले, रिकाम्या हाती. मला होडीत घेतलं आणि एवढंच म्हणाले की तो पक्षी तुझ्या मोजणीत धर. मी धरला आणि त्या दिवशी बंदूक पुन्हा भरली नाही. माझा एक वाईट बार, त्यापायी एक जीव समुद्रात कुठेतरी तळमळत गेला आणि एक माणूस मला सोडून त्याच्या मागे गेला. तेव्हापासून खडपावर जायचं ते ओहोटी लागल्यावर, आणि पाणी वळलं की निघायचं. उधाणाच्या दिवसांत तर नाहीच. आपल्याकडे कोळी जसे भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस, बघून जातात, तसंच.

जखमी पक्षी कमी व्हायचे असतील तर अंतर जोखता आलं पाहिजे, आणि पाण्यावर ते जोखणं फार कठीण, कारण मापायला झाड नाही, दगड नाही. म्हणून शेवटचा डिकॉय बरोबर ३५ यार्डांवर ठेवा. पक्षी त्याच्या अलीकडे आला तरच बंदूक उचलायची. आयडर हे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बदकांपैकी एक, दोन किलोच्या घरात. मोठं असल्यामुळे संथ वाटतं, पण असतं वेगात, आणि नवशिक्याचे छर्रे कायम त्याच्या शेपटीमागे पडतात. बारा बोअर, ३ इंची काडतूस, पोलादी छर्रे, २ नंबर किंवा बीबी. शिशाचे छर्रे पाणपक्ष्यांसाठी १९९१ पासून देशभर बंद आहेत. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. खिशात बारीक, ६ नंबरची काडतुसं वेगळी ठेवा: पाण्यावर मान टाकलेल्या पक्ष्याच्या डोक्यावर लगेच, विचार करत न बसता, दुसरा बार. त्याआधी त्या दिशेला होडी नाही ना हे पाहायचं, छर्रे पाण्यावरून उसळून लांब जातात. होडी चालत असताना बंदुका रिकाम्या. मोटर बंद होऊन होडीची गती थांबेपर्यंत नेम धरायचा नाही. होडीत एका वेळी एकच जण बार काढणार, तोही बसून.

डिकॉय म्हणजे फसवी बदकं. ती इथे सुटी टाकत नाहीत, माळेसारखी लावतात. एक डांबर लावलेली जड दोरी, दोन्ही टोकांना नांगर, आणि मध्ये दोन-दोन मीटरवर आखूड दोऱ्यांनी एकेक डिकॉय. जड दोरी बुडते, त्यामुळे मोटरच्या पंख्यात येत नाही. महागडे डिकॉय घेऊ नका. कपड्यांच्या साबणाचे रिकामे कॅन काळे रंगवले की स्कोटर त्यांच्याकडे खुशाल येतात. आयडरसाठी थोड्यांवर पांढरा पट्टा. बदकं वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतात, तेव्हा वारा पाठीशी घेऊन बसा. आयडरला जमिनीवरून उडायला आवडत नाही, ते टोकाला वळसा घालून जातात. आदल्या दिवशी त्यांचा रस्ता पाहून ठेवा आणि त्याच वळशावर माळ लावा. ते कालव-शिंपल्यांच्या पट्ट्यांवर जेवायला येतात, सबंध शिंपला कवचासकट गिळतात.

खायचं असेल तरच मारा. कातडी आणि चरबी पूर्ण काढायची, माशाचा उग्र वास सगळा चरबीत असतो. छातीचं मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात, मग सुक्या मटणासारखं, वाटण जरा तिखट. काळपट, काळजासारखं मांस आहे, फार शिजवलं तर चिवट होतं.

या डिसेंबरात तुम्ही एका वेळी एकाच मित्राबरोबर जा, पण बंदूक न घेता, उचलणारा माणूस म्हणून. हंगामभर हे एक काम केलंत तर वारा, पाणी, पक्ष्यांचं वळण सगळं दिसायला लागेल, आणि व्हिसाचा प्रश्नही तोवर नीट सुटेल. होडीच्या बाजूच्या फळीची पाण्यापासूनची उंची मोजून, दोघं बसल्यावर, मला इथेच कळवा. मग कुठल्या धक्क्यावरून निघायचं ते सांगतो.