मेहुण्यांनी आणलेले कच्चे हिरे जप्त झाले, आता मलाही समन्स

प्रश्न : कोल्हापुरात गुजरीत माझी सराफी पेढी आहे. मेहुणे सिएरा लिओनमध्ये नोकरीला आहेत. सुट्टीवर येताना ते माझ्यासाठी कच्च्या हिऱ्यांची पुडी घेऊन आले आणि ग्रीन चॅनेलमधून (कस्टम्सला घोषित करण्यासारखे काही नाही, असे म्हणणाऱ्यांच्या मार्गाने) बाहेर पडताना मुंबई विमानतळावर कस्टम्सने ती जप्त केली. हिऱ्यांपोटी मी सहा लाख दिले होते : चार बँकेतून, दोन एका माणसामार्फत रोख. आता मला जबाबासाठी समन्स आले आहे. एक एजंट म्हणतो, किंबर्ली सर्टिफिकेट मागाहूनही काढून देतो. काय करावे?

उत्तर : आधी त्या एजंटचा नाद सोडा. हे सर्टिफिकेट म्हणजे कच्चे हिरे बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारे नाहीत, असा निर्यात करणाऱ्या देशाचा दाखला. ते मागाहून निघतच नाही. निर्यात करणारा देश माल तपासतो, छेडछाड केल्यास कळेल अशा सीलबंद पेटीत घालतो आणि मगच ते देतो. मूळ देश, निर्यातदार, आयातदार, कॅरेटमधले वजन, डॉलरमधली किंमत आणि मुदत हे सगळे त्यावर असते. तुमची पुडी सीलशिवाय आली आणि कस्टम्सच्या पंचनाम्यात वजनासह नोंदली गेली. आता कुठलाही कागद आणलात तरी तो त्या पंचनाम्याशी ताडला जाईल आणि खोटा ठरेल. कस्टम्स कायद्याच्या कलम ११४एए खाली अशा खोट्या कागदासाठी मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. बनावट दस्तऐवजाचा फौजदारी गुन्हा त्याहून वेगळा.

‘तिथले युद्ध तर कधीच संपले’ हे जबाबात सांगू नका, उपयोग नाही. सिएरा लिओनमधले बंडखोर हिरे विकून शस्त्रे घेत होते, म्हणून जुलै २००० मध्ये सुरक्षा परिषदेने तिथल्या हिऱ्यांवर बंदी घातली. ती बंदी २००३ मध्ये संपली, हे खरे. पण १ जानेवारी २००३ पासून सुरू झालेली किंबर्ली व्यवस्था कोणत्याही देशातून येणाऱ्या प्रत्येक कच्च्या हिऱ्याला लागू आहे. भारत तिचा सुरुवातीपासूनचा सदस्य असून इथे हे काम रत्न व आभूषण निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे आहे. सर्टिफिकेट नसलेला कच्चा हिरा कायद्याच्या नजरेत निषिद्ध माल. असा माल दंड घेऊन सोडायचा की नाही, हे कलम १२५ खाली अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. तो सुटेल असे धरून चालू नका.

मेहुण्यांनी रेड चॅनेलला जाऊन खरे घोषित केले असते, तर परत जाताना माल सोबत नेण्याची विनंती कलम ८० खाली करता आली असती. ग्रीन चॅनेलमुळे तो दरवाजा बंद झाला. मात्र जप्तीची तारीख लिहून ठेवा. सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस आली नाही आणि मुदतही रीतसर वाढवली नाही, तर माल परत मागता येतो. (मुदत आणखी सहा महिने वाढवता येते, आणि बहुधा वाढवतात.) निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जायचे. तिथेही हरल्यास बॅगेजच्या प्रकरणात ट्रायब्युनल नाही, केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज करायचा असतो. इथे चुकीच्या दारात जाऊन मुदत घालवणारे बरेच.

तुमचा स्वतःचा धोका कलम ११२ मध्ये आहे. माल बेकायदा येतोय हे माहीत असून मदत केली किंवा तो घेतला, तर मालाच्या किमतीइतका दंड होऊ शकतो. त्यामुळे सगळा वाद तुम्हाला काय ठाऊक होते यावर येईल, आणि सराफाला ‘ठाऊक नव्हते’ म्हणणे जड जाते. समन्सला जा. कलम १०८ खालचा जबाब तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो, तेव्हा वाचल्याशिवाय सही नको. दबावाखाली काही लिहून घेतले गेले तर लगेच, लेखी, माघार नोंदवा. बँकेचा उतारा सोबत न्या. मेहुण्यांशी झालेले व्हॉट्सअॅप संदेश पुसू नका, त्यांच्या फोनमध्ये ते आहेतच.

ते रोख दोन लाख कोणाला दिले, हा प्रश्न नक्की येणार. पैसे इथे देऊन तिकडे पोचवले असतील, तर तो फेमाचा (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा) भंग आहे आणि त्यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होतो. म्हणून जबाबाला जाण्याआधी वकिलासमोर बसून या रकमेचा तपशील नीट मांडा. मेहुण्यांचा वकील मात्र वेगळा ठेवा. तुमचे म्हणणे ‘मला कल्पना नव्हती’ असे असेल, तर ते त्यांच्या म्हणण्याशी टक्कर घेणारच.